हातांना सुतक

"भालूदादा, राग मानू नका. पण तुम्ही रजेवर होतात ना, त्या दिवशीचा माल सगळ्यात चांगला आलाय," लुसी म्हणाली, आणि बोलता बोलता तिने भालचंद्रच्या हातातला पाना काढून घेतला. पोराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा. गोड बोलून, पण काढूनच घेतला. टेबलाच्या खणात टाकला, खण लावला आणि वर म्हणाली, "आज दिवसभर मशीनला हात लावायचा नाही. लावायची वेळ आली तर मीच सांगेन." सकाळच्या चहाची चव अजून जिभेवर होती, आगाशीहून सायकल मारत येताना धरलेली पोटरी अजून सुटली नव्हती, आणि ही कालची पोर त्याला सांगते की तू नसतोस तेव्हाच बरं चालतं. माणसाच्या तोंडावर असं कोणी बोलतं का हो? मथुरा, त्याची बायको, बोलली असती तर एक वेळ चाललं असतं; तिला तो अधिकार होता आणि ती तो वापरतही असे. पण ही लुसी. नंदाखालच्या आग्नेलची मुलगी. दिवाळीनंतर कारखान्यात आली, संख्याशास्त्र का काय ते शिकून, माल तपासायला. त्याने आ वासून विचारलं, "म्हणजे मी काय करू?" तर म्हणाली, "बसा." कामावर लागल्यापासून त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं.

आचोळ्याच्या रस्त्याला हरेश्वरशेठचा पत्र्याचा गाळा होता. शेठ तिथलाच, खाडीकाठचा शेतकरी; भाताच्या खाचरांतून उठून मशिनींत शिरला होता, पण बोलणं अजून बांधावरचंच. गाळ्यात तीन ऑटो लेथ, म्हणजे आपोआप कातकाम करणाऱ्या मशिनी होत्या; दोन माणसाअभावी बंद, आणि मोठीवर विजेच्या प्लगच्या पितळी पिना निघत. पितळेची सळई एका बाजूने आत शिरे, दुसऱ्या बाजूने कापलेल्या पिना टपटप ट्रेमध्ये पडत. मशीनला माप लावून देणारा तो सेटर, आणि इथला सेटर म्हणजे भालचंद्र. पिन जाड झाली तर सॉकेटमध्ये शिरत नाही, बारीक झाली तर आत डुगडुगते आणि ठिणग्या मारते. माल जायचा अंधेरीच्या एका कंपनीला. त्यांनी बजावून ठेवलं होतं, मायक्रोमीटरच्या तीन रेघा इकडे नाहीतर तीन रेघा तिकडे. त्यापलीकडचा माल घेणार नाही. आणि माल लागोपाठ दोनदा परत आला होता. दुसऱ्यांदा पोती उतरवून घेताना शेठ ओरडला नव्हता, हेच वाईट. कपाळावरचा घाम पुसून तो शांतपणे म्हणाला होता, "भालू, आता जर का माल परत आला तं मी ही मशीन विकनार. मंग तुला तरी ठेवून काय करू? तूच सांग." तो तिसरा माल आज एका दिवसात काढायचा होता. संध्याकाळी अंधेरीचा माणूस स्वतः तपासायला येणार होता. आणि अशा दिवशी, ज्या दिवशी सेटरने डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं, त्या दिवशी सेटरचा पाना खणात. शेठने ह्याला हो म्हटलं कसं? पण बुडत्याला काडीचा आधार. लुसीने कागद दाखवले असतील, चार रेघा ओढल्या असतील, आणि शेठ म्हणाला असेल, कर बाय तुला काय करायचं ते.

तो स्टुलावर बसला. बसला म्हणजे टेकला. मशीन चालू झाली, पिना पडायला लागल्या, आणि त्याचे हात जे शिवशिवायला लागले ते काही केल्या थांबेनात. त्याची रीत ठरलेली होती. दोन-चार पिना पडल्या की एक उचलायची, फडक्याला पुसायची, मायक्रोमीटरमध्ये धरायची. दोन रेघा जाड आली? कापणारं टूल धरलेली स्लाइड दोन रेघा आत. एक रेघ बारीक? एक रेघ बाहेर. चुकीला त्याच जागी धरायचं, वाढू द्यायचं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मशीन आणि तो, तो आणि मशीन. दुसऱ्या कारखान्यांतले सेटर सकाळी माप लावत आणि मग विड्या ओढत बाहेर उभे राहत. भालचंद्रला त्यांची कीव येई. शेठ पाहुण्यांना सांगे, ह्याचा हात मशीनवरून निघतच नाय. हे त्याच्यापाशी असलेलं एकमेव सर्टिफिकेट होतं. आणि लुसी म्हणत होती की तोच हात आजार आहे. म्हणजे औषध म्हणून जे देत आलो तेच विष. छे. तिने काल त्याला थांबवून समजावलं होतं, अगदी मोठ्या माणसाशी बोलावं तशा आवाजात. "भालूदादा, एकाच घडातली केळी एका मापाची असतात का?" नसतात. "का नसतात? कोणाची चूक असते?" कोणाचीच नाही, केळी आहेत ती. "तशीच ही मशीन. नीट चालली तरी तिच्या पिना एकदोन रेघा इकडेतिकडे होणारच. तो तिचा स्वभाव आहे. पिन दोन रेघा जाड आली, ती पुढची कदाचित आपणच बरोबर येणार होती. तुम्ही मध्ये स्लाइड हलवलीत, की ती दोन रेघा बारीक येते. मग तुम्ही परत हलवता. मशीनचं हलणं दोन रेघांचं, त्यावर तुमचं हलवणं. दोन्ही मिळून चारवर जातं." त्याने मान हलवली होती. कळलं होतं, पटलं मात्र नव्हतं. केळी झाडावर लागतात. पिना काय झाडावर लागतात?

कोपऱ्यात पुतळाबाई केरोसिनमध्ये पिना धूत बसली होती. आचोळ्याचीच, शेठच्या नात्यातली, आणि जिभेला हाड नसलेली. तिने दोन-तीन वेळा मान वर करून बघितलं, मग तिला राहवेना. "मिस्त्री, आज हातांना सुतक आलंय काय? कशालाच शिवत नाय ते?" भालचंद्र म्हणाला, "तुझं काम कर." "मी करतेच हाय. बसलाय कोन, तू का मी?" ती खळखळून हसली. लुसीही हसली. भालचंद्रने हात मांडीखाली घातले. सुतक! तसंच होतं ते. घरात सगळं जिथल्या तिथे असतं, देव असतात, पाण्याचा हंडा असतो, आणि आपण मात्र एका कोपऱ्यात, शिवायचं नाही म्हणून. पण सुतकात निदान कोण गेलं ते ठाऊक असतं. इथे कोण गेलं होतं?

दर थोड्या वेळाने लुसी ट्रेमधून पाच पिना उचलून मोजत होती, त्यांची सरासरी काढत होती आणि भिंतीला लावलेल्या आलेखाच्या कागदावर एक ठिपका देत होती. कागदावर वर एक तांबडी रेघ, खाली एक तांबडी रेघ. ह्या रेघा तिने त्याच्या रजेच्या दिवशीच्या पिनांवरून गणित करून काढल्या होत्या. मेव्हणीच्या लग्नाला तो केळव्याला गेला होता, त्या दिवशी मशीनला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. "ह्या दोन रेघांच्या आत ठिपका कुठेही हिंडू दे, त्याला काही बोलायचं नाही. बाहेर गेला तर मात्र सोडायचा नाही," असं तिचं म्हणणं. पहिला ठिपका मधोमध पडला. दुसरा जरा वर गेला, आणि भालचंद्र स्टुलावरून उठलाच. हात आपोआप खिशाकडे गेला, जिथे पाना असतो. लुसीने नुसतं बघितलं. तो बसला. तिसरा ठिपका खाली आला. कोणी काही न करता, आपल्या मनाने. चौथा परत वर. त्याला काय वाटलं ते सांगायचं तर सरळच सांगायला हवं: त्याला भीती वाटली. ठिपका बाहेर जाईल ही भीती होतीच. पण दुसरी भीती त्याहून वाईट होती, की तो बाहेर जाणारच नाही. माल बिघडला तर मशीन विकली जाईल आणि आपण घरी. माल सुधारला तर? तर सेटर बसून असताना माल सुधारतो असं सिद्ध होईल, आणि बसलेल्या माणसाला कोण पोसतो? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हा स्टूल.

हात नसला की काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याचा बाप गंगाराम वाडीवाला. आगाशीला विहिरीलगत पानमळा आणि मागे राजेळी केळी. बाप पहाटे उठून पाटावर जाई आणि भालू त्याच्या मागे. पान जरा पिवळं दिसलं की बाप पायाने मातीचा बांध फोडून पाणी वाढवी. पानावर काळा ठिपका दिसला की तीच माती ओढून पाणी तोडी. "वाडीला धन्याचा हात लागला पाहिजे रे," तो म्हणे, "हात लागला की वेल बोलायला लागते." आणि खरंच, बापाच्या अंगाला त्या वेलींचा वास येई, दमट, तिखटसर, अंगरखा धुतला तरी जात नसे. भालूच्या हाताला गुण आहे असं बापच चारचौघांत सांगे, आणि पोरगा मनातल्या मनात फुगे. मग आणीबाणी उठली त्या साली तो आचोळ्याला कामावर लागला. पगार रोख, आई खूश. आणि त्याच उन्हाळ्यात मळा गेला. आधी पानांच्या कडा करपल्या, मग वेली बुंध्यापासून वाळत गेल्या. बाप सकाळी पाणी सोडी, संध्याकाळी तोडी, परत सकाळी सोडी. रविवारी सुट्टीला भालू मदतीला जाई तेव्हा बापाच्या डोळ्यांत बघायचं टाळी. शेवटची वेल उपटून टाकली त्या दिवशी ओटीवर बसून बाप म्हणाला, "तुझा हात गेला आणि मळा गेला." रागाने नव्हे. आज वारा पडलाय म्हणावं इतक्या साध्या आवाजात. पुढे बाप बरीच वर्षं जगला, पण ते वाक्य त्याने परत कधी उच्चारलं नाही. कशाला उच्चारील? एकदा बोललेलं पुरलं होतं. भालचंद्र ते घेऊन रोज सायकलवर बसत होता, सोपाऱ्याच्या फाटकाशी थांबत होता, आणि मशीनपाशी आला की पहिला हात त्या थंड लोखंडावर ठेवत होता. इथून तरी हात काढायचा नाही. घरीही तेच. भाताला वाफ आली का म्हणून तो झाकण उघडून बघे, आणि मथुरा म्हणे, "अहो, तुमच्या बघण्यानेच कच्चा राहतो तो." तो हसे, आणि थोड्या वेळाने परत उघडे.

दुपारी शेठ आला. धोतराचा सोगा हातात, तोंडात पान. आधी मशीनकडे बघितलं, मग स्टुलावरच्या भालचंद्रकडे, मग भिंतीवरच्या कागदाकडे. "काय बाय, काय म्हनतात तुझे ठिपके?" लुसीने दाखवलं. ठिपके दोन तांबड्या रेघांच्या मधे वरखाली हिंडत होते, रेघेला एकही शिवला नव्हता. मग तिने शेजारी दुसरा कागद धरला. मागच्या आठवड्याचा, भालचंद्रचा हात चालू होता तेव्हाचा. त्यावरचे ठिपके रेघा ओलांडून वर उड्या मारत होते, खाली बुड्या मारत होते. कागदावर कोणाचं नाव नव्हतं. पण भालचंद्रला त्या उड्यांत आपलं मनगट दिसलं. हा सोमवारचा, शेठ मागे उभा होता म्हणून घाईने फिरवला तो. हा त्यानंतरचा, तो सावरायला गेलो तो. हा सावरलेला परत सावरला तो. सगळं आपण केलं. प्रामाणिकपणे, जीव ओतून, बिघडवलं. कानशिलं तापली. आळशीपणा करून माल बिघडवला असता तर निदान आळस केल्याचं सुख तरी पदरात पडलं असतं! शेठने पान गालात सरकवलं. "आता कठीन हाय. म्हनजे ह्यानं हात लावला नाय तं माल बरा येतो. मंग बाय, सेटर कशाला पायजे मला?" तो थट्टेत बोलला की खरं, कळायला मार्ग नव्हता, शेठची थट्टाही खरीच असायची. पुतळाबाईचं धुणं थांबलं. लुसी काही बोलायला गेली, पण शेठ वळून निघालासुद्धा. "सांजच्याला बघू," जाता जाता म्हणाला.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते भालचंद्रला पुढे कधी नीट आठवलं नाही. डबा खाल्ला असावा, कारण मथुराने दिलेली वालाची उसळ संपलेली होती. पत्रा तापला होता. तेलाचा आणि गरम पितळेचा वास नाकात बसला होता. हात मांडीवर पडले होते, परक्याचे असल्यासारखे. त्याने ते उलटे करून बघितले, तळव्यांवरच्या काळ्या भेगा बघितल्या. हे हात घेऊन आता कुठे जायचं? वाडीत पानवेल नाही, इथे गरज नाही. लग्नाच्या मांडवात तो हसत जेवत होता आणि इकडे ह्या मशीनला त्याची आठवणही झाली नव्हती. उलट सुटल्यासारखी चालली होती बया. त्याला मशीनचा राग आला. मग रागाचं हसू आलं, लोखंडावर कोण रुसतं?

"भालूदादा." लुसीचा आवाज बदलला होता. ती कागदासमोर उभी होती आणि नवा ठिपका वरच्या तांबड्या रेघेच्या पलीकडे पडला होता. थोडासा नव्हे, चांगला टांग टाकून. तिने परत पाच पिना मोजल्या. तिथेच. पुतळाबाई उठून जवळ आली. "गेला ना वर?" लुसीने खण उघडला आणि पाना त्याच्यासमोर धरला. "हा मशीनचा स्वभाव नाही. ह्याला काहीतरी कारण आहे. काय ते मला सांगता येणार नाही, मला नुसतं एवढंच कळतं की आहे. आता हात लावा." कालपर्यंतचा भालचंद्र असता तर तो स्लाइड तीन रेघा आत दाबून मोकळा झाला असता, ठिपका खाली आला असता, आणि तो स्वतःवर खूश होऊन पुढची पिन उचलायला गेला असता. त्याने पाना घेतला आणि स्लाइडला हात लावला नाही. मशीन बंद केली. गाळ्यात एकदम इतकी शांतता झाली की बाहेरच्या पिंपळावरचे कावळे ऐकू आले. दिवसभर बसून त्याच्या डोळ्यांतली घाई निघून गेली होती. त्याने नुसतं बघितलं, सावकाश, पाहुण्यासारखं. सळई सरळ होती. पट्टा घट्ट होता. टूलच्या टोकावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि नख अडकलं. कपची उडाली होती. अगदी बारीक, मोहरीच्या टरफलाएवढी. सळईत कुठेतरी कठीण गाठ लागली असणार. स्लाइड दाबली असती तर हे तुटकं टूल तसंच रेटत राहिलं असतं आणि तासाभरात सगळा माल ओरबाडला असता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! त्याने टूल काढलं, ग्राइंडरवर नवी धार लावली, परत बसवलं, माप लावलं. हात काम करत होते आणि त्यांना सगळं येत होतं. बिघडलेल्या पिना त्याने निवडून बाजूला काढल्या. मशीन चालू केली आणि लगेच मागे सरला, स्वतःहून. पाच पिना. ठिपका. मधल्या रेघेच्या जरा खाली, आपल्या घरात. "आलं," लुसी म्हणाली, आणि तिने जो श्वास सोडला त्यावरून भालचंद्रला पहिल्यांदा कळलं, की पोरगीही दिवसभर भिऊनच उभी होती.

तिने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे केला. तो प्यायला. ती कागदाकडे बघत म्हणाली, "एकच ठिपका बाहेर गेला ना, की त्याचं वेगळं कारण शोधायचं, सापडतं. पण सगळंच्या सगळं वरखाली होत असेल तर एकाची मान धरून काय उपयोग? चोर सोडून संन्याशाला फाशी. तेव्हा सळई बघायची, मशीन बघायची, सगळ्यांना मिळून काय लागलंय ते बघायचं." भालचंद्र तांब्या हातात धरून तसाच राहिला. मग त्याने विचारलं, आणि आपण हे का विचारतोय ते त्याला विचारताना ठाऊक नव्हतं, "तुमचाही पानमळा होता ना गं? नंदाखालला?" "होता की. मी शाळेत होते तेव्हा गेला." "कधी?" "ती आणीबाणी उठली ना, त्या उन्हाळ्यात. विहिरी मचूळ झाल्या. सगळ्यांनी रहाट काढून इंजिनं बसवली, उपसा इतका वाढला की खारं पाणी आत शिरलं. आमचा गेला, शेजारच्यांचे गेले, आगाशीपर्यंत सगळ्यांचेच गेले." ती सहज बोलत होती, टेबल पुसत. "पप्पा तर दिवसरात्र मळ्यातच असायचे. नोकरी नाही, काही नाही. मळा सोडून कधी कुठे गेले नाहीत. तरी गेला."

तरी गेला. भालचंद्रने तांब्या खाली ठेवला. लोकांचे मळे गेले हे त्याला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? त्याच गावात राहत होता तो. हाटात पानं महाग झाली होती, लोकांनी वेली काढून जमिनीला फुलं लावली होती, पाण्याची चव बदलल्याचं मथुरा रोज चहा करताना म्हणत होती. सगळं ठाऊक होतं. फक्त ते सगळं त्याने कधी एका कागदावर मांडून बघितलं नव्हतं. त्याच्या कागदावर एकच ठिपका होता, बापाचा मळा, आणि त्याशेजारी एकच कारण, आपला हात. कावळा बसला आणि फांदी मोडली. आणि इतकी वर्षं तो कावळा फांदीच्या नावाने रडत बसला होता. आग्नेलचा हात होता. अष्टौप्रहर होता. तरी गेला. बाप पाणी सोडत होता ते खारं होतं, तोडत होता तेही खारंच. बिचाऱ्याने केलं काय, न केलं काय, वेली जाणारच होत्या. आणि ओटीवर बसून तो जे बोलला, ते वाळलेल्या वेली समोर पडलेल्या माणसाचं बोलणं होतं. काहीतरी कारण लागतं माणसाला. जवळ पोरगा होता, त्याचं नाव घेतलं. भालचंद्रला बापाचा राग आला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पुतळाबाई म्हणाली, "काय झालं रं मिस्त्री?" "केरोसिनचा वास," तो म्हणाला. "रोजचाच हाय तो," ती म्हणाली, पण पुढे छेडलं नाही. तिच्या स्वभावाच्या मानाने ती मोठीच गोष्ट.

ऊन उतरता उतरता अंधेरीचा माणूस आला. चष्मा, हातात चामडी बॅग, बोलणं मोजकं. त्याने पोत्यांतून वाटेल तिथून पिना उचलल्या, वरच्या, तळच्या, आणि स्वतःच्या मायक्रोमीटरने मोजत बसला. शेठ दारात उभा राहून नुसता पान चावत होता. भालचंद्र भिंतीला टेकून उभा होता आणि त्याला नवल वाटत होतं की आपलं काळीज धडधडत नाहीये. त्या माणसाने बरीच खटपट केली, एकही पिन तीन रेघांबाहेर सापडली नाही. शेवटी चष्मा काढून म्हणाला, "ह्या खेपेला काय केलंत?" शेठने लुसीकडे बघितलं, लुसीने भालचंद्रकडे. भालचंद्र म्हणाला, "काही नाही." तो माणूस हसला, सही केली, आणि शेठ त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेला.

मशीनवर शेवटची सळई चालू होती. भालचंद्र स्टुलावर बसला, डोकं मागे भिंतीला लावलं. पिना पडत होत्या. एक जाड असेल, एक बारीक असेल, असू देत. आवाज कानात शिरत होता आणि कुठेही अडकत नव्हता. डोळे मिटले ते फक्त क्षणभर मिटावेत म्हणून. मग हात मांडीवरून घसरून दोन्ही बाजूंना लोंबले आणि त्याने ते लोंबू दिले. आपण झोपतोय हे त्याला कळत होतं. कामाच्या जागी, दिवसाउजेडी, मशीन चालू असताना. आणि कसलीही लाज वाटत नव्हती. लांबून शेठच्या चपला वाजल्या, जवळ आल्या, थांबल्या.

"हा झोपला काय?"

"झोपलाय," लुसी हळूच म्हणाली.

"मंग मशीन कोन बघतंय?"

"बघायला कशाला हवं? चाललीय ना नीट. बिघडली की उठवू त्यांना. दुपारी त्यांनीच शोधलं म्हणून वाचलो; मला नुसता ठिपका दिसला होता."

शेठ कागदापाशी गेला असावा. कागद फडफडल्याचा आवाज आला. मग त्याचा आवाज आला, आणि तो आवाज त्याच्या मानाने इतका हलका होता, की पुतळाबाईने धुणं थांबवलं. "सोमवारपासून त्या दुसऱ्या दोन मशिनी पन ह्याच्याकडंच दे. आनि पुतळे, माझ्या घरून ती हातांची खुर्ची आन जा. ह्या स्टुलावरून पडंल तं माझा मानूस मोडंल."

भालचंद्रने हे सगळं ऐकलं. उठावं असं त्याला अजिबात वाटलं नाही.